शर्मिष्ठेकडे तोंड करून ठेवलेली डिश: प्रकल्प नोंदी

20 ऑक्टोबर 2024, रविवार

कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडून डिश आली. 1.2 मीटर, एका बाजूला पोचा आलेली. कधीकाळी कुठल्यातरी एटीएमच्या डोक्यावर असणार. त्याने ती किलोवर लावली, राणेकाकांनी घासाघीस केली आणि टेम्पोत टाकून मुलुंडला आणली. राणेकाका आमच्या बिल्डिंगचे डिशवाले. अर्ध्या मुलुंडच्या छत्र्या त्यांनी बसवल्या, आता फायबर आल्यापासून उतरवतायत. त्यांची मुलगी बारावीला माझ्याकडे फिजिक्सला होती, त्यामुळे मी मॅडम.

"मॅडम, ह्यावर कुठलं चॅनल दिसणार?"

"मिथेनॉल."

"दारूतलं?"

तेच. 2015 साली मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं ज्याने गेली ते. काका क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "वर पण तेच बनवतात काय?" वर ते धुळीच्या कणांवरच्या बर्फात बनतं. कार्बन मोनॉक्साइड गोठून बसतो, त्याला एकेक हायड्रोजन चिकटत जातो. जवळ एखादा तारा तापायला लागला की बर्फ उडतो आणि मिथेनॉल वायू होऊन मोकळं होतं. म्हणजे मिथेनॉल दिसलं तर समजायचं की आत चूल पेटली आहे.

आम्हाला हवी आहे ती त्याची 12.2 गिगाहर्ट्झची रेषा, म्हणजे त्याचा रेणू रेडिओत जी ठराविक फ्रिक्वेन्सी सोडतो ती. 1987 साली ती मेसर, म्हणजे रेडिओ लहरींचा लेसर, म्हणून सापडली. डीटीएचची छत्री जिथे ऐकते तिथेच ती पडते, एवढ्या एका योगायोगावर हा सगळा उद्योग उभा आहे.

27 ऑक्टोबर

हिशोबाचा दिवस. मूळ वारंवारता 12178.597 मेगाहर्ट्झ. एलएनबी, म्हणजे डिशसमोर बसणारा डबा, त्यातून स्वतःच्या ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी वजा करून उरलेलं केबलमध्ये सोडतो. युनिव्हर्सल एलएनबीला दोन ऑसिलेटर असतात. 9750 घेतला तर खाली 2428.6 येतात, म्हणजे थेट वायफायच्या बाजारात. शिवाय लॅपटॉपला लावायचा आमचा रेडिओ, आरटीएल-एसडीआर डोंगल, 1766 च्या वर ऐकतच नाही. 10600 घेतला तर 1578.6. हे जमतं. जीपीएसचे 1575.42 तीनच मेगाहर्ट्झ खाली आहेत, पण एलएनबी इतकं वाढवून देतो की त्याचा त्रास नको व्हायला.

स्रोत ठरला: डब्ल्यू-3 ओएच, मोठे तारे जन्मतात तो एक ढग. शर्मिष्ठा तारकासमूहात, क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर) साधारण 62 अंश उत्तर. मुलुंडहून याम्योत्तरावर, म्हणजे रोजच्या फेरीतल्या सगळ्यात उंच जागी, येतो तेव्हा उत्तरेला 47 अंश उंच, म्हणजे टीव्हीच्या उपग्रहांच्या पट्ट्यापासून लांब. या रेषेत तो शेकडो जान्स्की (रेडिओ प्रखरतेचं एकक) देतो. ऐकायला मोठं वाटतं. रेडिओत सिग्नलची ताकद तापमानात मोजतात; आमच्या डिशमध्ये त्याचे सव्वा-दीड दशांश केल्विन होतात, आणि एलएनबी व आजूबाजूचा गोंगाट मिळून शंभर केल्विन. हजारात एक-दीड. तासभर साठवलं तर कागदावर तरी दिसायला हवं.

वर्गात सांगितलं तर पहिल्या बाकावरून प्रश्न आला: नारायणगावला एवढ्या 30 डिश आहेत, 45-45 मीटरच्या, मग तुम्ही भंगारातली का घेता? कारण ती दुर्बीण, नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी, साधारण 1450 मेगाहर्ट्झपर्यंतच ऐकते. मिथेनॉलच्या या रेषा तिच्या कानाच्या पलीकडे आहेत. दुसरं कारण मी सांगितलं नाही: ती माझ्या गच्चीवर मावणार नाही.

3 नोव्हेंबर, भाऊबीज

सोसायटीची परवानगी मिळाली. अट: टाकीच्या बाजूला ठेवायची, आणि टीव्ही फुकट दाखवायचा नाही. दुसरी अट कोणी का घातली ते विचारलं नाही.

10 नोव्हेंबर

पहिला दणका. काकांच्या पोतडीतला जुना एलएनबी लावून एका उपग्रहाचा वाहक (त्याची कायम चालू असलेली लहर) धरला आणि दिवसभर त्याच्यावर डोळा ठेवला. उपग्रह हलत नाही, वाहक हलत नाही, पण आमच्या पडद्यावर तो दुपारी दोनपासून रात्री दहापर्यंत 900 किलोहर्ट्झ सरकला. एलएनबीतल्या ऑसिलेटरला ऊन लागलं की तो सूर सोडतो.

टीव्हीला याने काही फरक पडत नाही, सेट-टॉप बॉक्स मागे मागे जाऊन पकडतो. आम्हाला मात्र हे परवडणारं नाही. मेसरची रेषा असते जेमतेम 12 किलोहर्ट्झ रुंद. या फ्रिक्वेन्सीला दर सेकंदाला 1 किलोमीटर वेग म्हणजे 40.6 किलोहर्ट्झ. म्हणजे आमच्या ऑसिलेटरच्या लहरीमुळे तो तारा दुपारपासून रात्रीपर्यंत सेकंदाला 22 किलोमीटरने पळून आला असं दिसलं असतं. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "उन्हात सगळ्यांचंच डोकं फिरतं."

नवा एलएनबी मागवला, क्रिस्टलवर लॉक होणारा.

20 नोव्हेंबर

मतदान. निवडणुकीची ड्युटी. नोंद नाही.

23 नोव्हेंबर, शनिवार

नवा एलएनबी बसला. 22 किलोहर्ट्झचा टोन 555 टायमर चिपवर करून दिला, कारण त्याशिवाय तो 10600 वर जात नाही. स्रोत अकराच्या सुमारास याम्योत्तरावर येणार होता. डिशचा झोत दीड अंशाचा, त्यामुळे दर दहा मिनिटांनी गच्चीवर उठून हाताने सरकवायची. काकांनी खांबाला खडूने खुणा केल्या आहेत, तीच आमची मोटर.

अपेक्षित जागा आधीच काढून ठेवली होती. डब्ल्यू-3 ओएचचा वायू आपल्याकडे येतो आहे, सेकंदाला साधारण 45 किलोमीटर. त्यात सूर्याचे स्वतःचे चार मिळवले आणि पृथ्वी या आठवड्यात त्या दिशेला जवळजवळ आडवी चालते आहे म्हणून थोडेसेच वजा केले. रेषा जवळपास 1.9 मेगाहर्ट्झ वर सरकणार. केबलमध्ये 1580.5.

रात्री 12.20 ला 1580.5 वर उंचवटा. स्वच्छ, टोकदार. मी काकांना उठवलं. ते लुंगीवर वर आले, पडद्याकडे बघितलं, मग डिशकडे बघितलं, आणि काही बोलले नाहीत. मी तिथेच टाकीच्या कठड्यावर बसून नवऱ्याला मेसेज केला.

झोप येणार नव्हती म्हणून हे लिहून ठेवते. या स्रोताचं महत्त्व काय? मोठे तारे, म्हणजे सूर्याच्या आठ पटींहून जड, जन्मताना दिसतच नाहीत. ते थोडे आहेत, लांब आहेत, झटपट बनतात आणि बनून होईपर्यंत धुळीच्या गोधडीतून बाहेर येत नाहीत. ऑप्टिकल दुर्बिणीला ती गोधडी काळी दिसते, रेडिओला पारदर्शक. आणि गोधडीच्या आत मेसर म्हणजे कोणीतरी टॉर्च लावून ठेवल्यासारखं: तापलेल्या धुळीचा अवरक्त प्रकाश मिथेनॉलच्या रेणूंना वरच्या पायरीवर चढवून ठेवतो, आणि त्यांच्यातून जाणारी लहर प्रत्येकाकडून थोडं थोडं घेत मोठी होत जाते.

फक्त हा टॉर्च एखाद्या वस्तूवर बसवलेला नसतो. लोकलच्या डब्यात एका टोकाला उभं राहून वरच्या कड्यांकडे बघा. एका रेषेत आल्या की सगळ्या मिळून एकच कडी दिसते. दोन पावलं बाजूला झालात की विखुरतात. मेसरचा ठिपका हा असाच, आपल्या नजरेच्या रेषेत सारख्या वेगाने झुलणाऱ्या रेणूंची रांग. तिथे वायूचा गोळाच असेल असं नाही. हे विसरलं की माणूस नकाशात नसलेली गावं काढायला लागतो.

तरीही हे ठिपके इतके बारीक आणि प्रखर असतात की त्यांच्यावर अचूक नेम धरता येतो. 2006 साली याच डब्ल्यू-3 ओएचच्या याच 12.2 गिगाहर्ट्झच्या ठिपक्यांचा पराशय मोजला गेला. हवाईपासून कॅरिबियन बेटापर्यंत पसरलेल्या व्हीएलबीए या रेडिओ दुर्बिणीच्या 10 अँटेना वापरून. पराशय म्हणजे बोट डोळ्यांसमोर धरून आधी एक, मग दुसरा डोळा मिटायचा, बोट सरकतं तेवढा. इथे दोन डोळे म्हणजे पृथ्वीच्या कक्षेच्या दोन बाजू, आणि पराशयाचं उत्तर एका अंशाचा सत्तर लाखावा भाग. त्यावरून अंतर 1.95 किलोपार्सेक, सुमारे 6,360 प्रकाशवर्षं. आकाशगंगेच्या फिरण्यावरून काढलेलं जुनं अंतर याच्या दुपटीहून जास्त येत होतं! अंतर निम्मं झालं की ताऱ्याची तेजस्विता चौथाईवर येते, आणि तेजस्वितेवरून काढलेलं वस्तुमानही कोसळतं. कुठला तारा "मोठा" हेच मुळात अंतरावर ठरतं.

आणि तोच ठिपका आज मुलुंडमध्ये.

24 नोव्हेंबर

नव्हता.

काका सकाळी चहा घेऊन वर आले आणि म्हणाले, "मॅडम, डिश भिंतीकडे फिरवून बघा की." फिरवली. उंचवटा होता. एलएनबीवर कुकरचं भांडं पालथं घातलं. उंचवटा होता. मग काकांनी माझ्या लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून उपटला आणि शर्मिष्ठेतला सगळा ताराजन्म संपला.

नवऱ्याने रात्री मेसेजला तीन फटाक्यांचे इमोजी पाठवले होते. त्याला अजून कळवलेलं नाही.

ही चूक माझी, यंत्राची नाही. बारावीच्या मुलांना मी प्रॅक्टिकलमध्ये आधी शून्य तपासायला लावते आणि स्वतः मात्र जे हवं होतं ते दिसल्यावर तपासायचं थांबले. यापुढचा नियम: दहा मिनिटं स्रोतावर, दहा मिनिटं बाजूच्या रिकाम्या आकाशावर, वजाबाकी. बॅटरीवरच. आणि सगळ्यात पक्की कसोटी आकाशच देतं: पृथ्वी फिरते. आज ती या स्रोताला आडवी चालते आहे. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत त्याच्यापासून दूर जाण्याचा वेग सेकंदाला 21 किलोमीटरवर पोचेल. खरी रेषा रोज खाली सरकायला हवी, आत्ता दिवसाला 15 किलोहर्ट्झ. चार्जर सरकत नाही.

8 डिसेंबर

पण सरकणं मोजायचं तर आपली मोजपट्टी सरकून चालत नाही. क्रिस्टलवाला एलएनबी सुद्धा थंडी-उन्हाने दहा-दहा किलोहर्ट्झ इकडेतिकडे करतो. उपाय: त्याचा 25 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल काढून टाकायचा आणि जीपीएसच्या घड्याळावर बांधलेला ऑसिलेटर बाहेरून द्यायचा.

काकांचे हात इथे बघण्यासारखे होते. एलएनबीचं झाकण रबराच्या कडेसकट उचकटलं, आत नखाएवढा चकचकीत डबा. डोक्याला टॉर्च, दोन्ही पायांवर एकदम डागणी टेकवायला वाकवलेली तांब्याची तार, आणि तोंडात लवंग. "हवा नका मारू." क्रिस्टल टिचकीसरशी सुटला. त्या जागी केसासारखी कोअॅक्स, एक छोटा कपॅसिटर, वर सिलिकॉन. पंचवीस मिनिटं. फिटिंगच्या दिवसांत त्यांना छत्रीमागे अडीचशे मिळायचे असं ते मधेच म्हणाले.

उपग्रहाचा वाहक पुन्हा दिवसभर धरला. 1 किलोहर्ट्झच्या आत.

15 डिसेंबर

गच्चीवर लग्नाचा मांडव. वाचन केलं.

मोठ्या ताऱ्यांचं खरं कोडं असं आहे. छोटा तारा आधी जेवतो, मग चूल पेटवतो. मोठ्याची चूल जेवतानाच पेटते. आणि त्याचा प्रकाश इतका जबर असतो की येणाऱ्या धुळीला तो बाहेर ढकलायला लागतो. मग उरलेलं वस्तुमान आत जातं कसं? आजचं उत्तर: चकतीतून जातं, प्रकाश वर-खालच्या बाजूंनी निसटतो, आणि घास सलग न जाता अधूनमधून मोठे पडतात.

हे घास पडताना पकडले ते मेसरनी. 2015 साली एस-255 नावाच्या ढगातला मिथेनॉलचा मेसर एकाएकी भडकला. तिकडे अवरक्त दुर्बिणी वळवल्या, तर सुमारे 20 सूर्यांच्या वजनाचा बालतारा उजळलेला. जानेवारी 2019 मध्ये जपानमधल्या इबाराकीच्या 32 मीटर डिशला आकाशगंगेच्या केंद्राच्या दिशेला, जी-358.93 मध्ये, असाच भडका दिसला आणि जगभरच्या दुर्बिणी काही आठवड्यांच्या अंतराने त्याचे नकाशे काढत राहिल्या. मेसरचे ठिपके बाहेर बाहेर पसरत होते, प्रकाशाच्या वेगाच्या 4 ते 8 टक्के इतक्या वेगाने.

वायू असा पळू शकत नाही. पळत होती ती उष्णता. ठाण्याला अनाउन्समेंट होते, गाडी दोनऐवजी चार नंबरवर. पुलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माना वळत जातात. माणूस कोणी अजून हललेला नसतो, पण माना वळण्याची लाट पूल ओलांडून गेलेली असते. तसंच इथे. ताऱ्यावर घास पडला, उष्णतेची लाट धुळीतून बाहेर निघाली, ज्या थरापर्यंत ती पोचली तिथले मिथेनॉलचे रेणू पेटले, मागचे विझले. त्यावरून चकतीचा आतून बाहेर एकेक थर वाचता आला.

मला यातलं सगळ्यात आवडलेलं: हे शोधायला कोणीतरी पुन्हा पुन्हा तेच तेच शेकडो मेसर तपासत बसलेलं होतं. इबाराकीची यादी 400 हून अधिक स्रोतांची आहे.

21 डिसेंबर

चार तास. काही नाही.

25 डिसेंबर

नाताळची सुट्टी. कारण सापडलं. ही डिश ऑफसेट आहे: तिचं तोंड दिसतं त्यापेक्षा ती बरीच वर बघते, साधारण 22 अंश. काकांच्या खुणा बरोबर होत्या. मी त्यावर "दुरुस्ती" म्हणून तो कोन दुसऱ्यांदा मिळवला होता. 21 तारखेला आम्ही चार तास ध्रुवताऱ्यापासून भलतीकडे, डोक्यावरचं आकाश ऐकत होतो. दुपारी सूर्यावर नेम धरून खात्री केली. सूर्य झोतात आला की गोंगाट असा उसळतो की डिश कुठे बघते याबद्दल वाद उरत नाही. काकांनी विजयाने नवा खडू आणला.

4 जानेवारी 2025, शनिवार

याम्योत्तर सव्वाआठला. सात ते साडेदहा, स्रोत आणि रिकामं आकाश आलटून पालटून, सगळं बॅटरीवर. स्रोतावरचा निव्वळ वेळ 95 मिनिटं. कबुतर एकदा फीडवर, म्हणजे एलएनबीच्या तोंडावर, येऊन बसलं, ती दहा मिनिटं टाकून दिली.

हिशोबाने रेषा हवी 1579.95 ला. तिथे काहीतरी आहे. 23 नोव्हेंबरसारखं टोकदार नाही. आजूबाजूच्या खरखरीच्या चौपट उंच, फ्रिक्वेन्सीच्या दोन-तीन खणांत पसरलेलं, डोळे बारीक केल्यावर दिसेल असं. भिंतीकडे फिरवून पाहिलं: नाही. भांडं घालून पाहिलं: नाही.

मेसेज कोणाला केला नाही.

14 जानेवारी, संक्रांत

गच्ची पतंगवाल्यांची. दोन दिवस आधी डिश ताडपत्रीखाली घातली होती, तरी मांजाने जीपीएसच्या अँटेनाची वायर कापली. चौथ्या मजल्यावरचा एक मुलगा स्वतः येऊन सांगून गेला आणि तिळाच्या तीन वड्या देऊन गेला. काकांनी जोड दिला.

संध्याकाळी पतंग उतरल्यावर आम्ही दोघं उत्तरेकडच्या कठड्याशी उभे होतो. रुळांकडे हात करून मी सांगितलं की 1965 साली गोविंद स्वरूप यांनी याच लाइनवर, कल्याणला, सूर्य ऐकायला 32 डिश लावल्या होत्या. ऑस्ट्रेलियाहून आलेल्या, प्रत्येकी 1.8 मीटर.

"एक पॉइंट आठ?" काका म्हणाले. "म्हणजे आपल्यापेक्षा थोड्याच मोठ्या. आणि फिटिंग कोणी केलं?"

25 जानेवारी, शनिवार

याम्योत्तर आता सातच्या आतच येतो, उजेड जेमतेम गेलेला असतो. पुढच्या महिन्यात स्रोत उजेडातच डोक्यावर येईल. रेडिओला त्याचं काही नाही, पण एलएनबी तापेल.

110 मिनिटं निव्वळ. 4 तारखेपासून पृथ्वीचा दूर जाण्याचा वेग सेकंदाला 4.3 किलोमीटरने वाढला आहे. रेषा 175 किलोहर्ट्झ खाली हवी. उंचवटा 170 खाली सापडला. आमचे खण 5 किलोहर्ट्झचे आहेत.

काकांना आकडा दाखवला. ते म्हणाले, "पाच कुठे गेले?" मी खणाचं समजावलं. ते मान हलवत राहिले आणि मग म्हणाले की भांडं घालून पाहिलंत का. पाहिलं होतं. पुन्हा पाहिलं.

दोन रात्री म्हणजे रेघ ओढायला दोन बिंदू, आणि दोन बिंदूंतून कुठलीही रेघ जाते. तिसरी रात्र 8 फेब्रुवारी. तोवर करायचं: एलएनबीला थर्माकोलचं खोकं, कबुतरासाठी फीडवर नायलॉनची जाळी, आणि बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षेचं वेळापत्रक पाहून काकांना वेळ कळवायची. खडूच्या खुणा दवाने पुसट झाल्यात. काका म्हणतात ऑइलपेंट.